स्टेअरिंगला आलेला खेळ

भात पिवळं व्हायला लागलं की मला धास्ती बसते. बाकीच्या जगाला या दिवसांत दिवाळीचे वेध लागतात, मुंबईची माणसं गावी यायचं ठरवतात, कोणी भाजणी दळून आणतं, कोणी अंगण करून घेतं. मी मात्र खालच्या मळ्यातून कापलेल्या भाताचा ओलसर वास खिडकीतून आत आला, की उठून ह्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहते. हे आपले रेडिओ लावून बसलेले. "काय गं?" म्हणतात. पंखा चालू राहिलाय का बघायला आले, असं मी सांगते. पंखा समोर गरगरत असतो. मग मी तो उगीचच एकने कमी करते आणि परत स्वयंपाकघरात येते.

यंदाही तीच तऱ्हा. चांगलं ऊन पडलं म्हणून लोकांनी कापणी काढली आणि नेमकं दुपारपासून गडगडायला लागलं. आमच्याकडचा हा जाता पाऊस फार लबाड. गेला गेला म्हणावं, छत्र्या वाळवून माळ्यावर टाकाव्यात, आणि आडव्या पडलेल्या भातावर याने येऊन नाचावं. समोरचे शेजारी ताडपत्री घेऊन मळ्याकडे धावताना दिसले आणि मी इथे ओटीवर उभ्या उभ्या घाबरी झाले. वास्तविक माझं मूठभरही भात नाही. पण या हवेची आणि माझ्या धास्तीची गाठ एका वर्षी अशी काही बसली, की आता ती सुटायची नाही. ते वर्ष आमच्या गाडीच्या स्टेअरिंगचं होतं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. आंब्याने एकदा चांगला हात दिला तेव्हा त्यांनी घेतलेली. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच, पुढची सीट बाकासारखी सलग, आणि दारं अशी वजनदार की आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं हे सगळ्या वाडीला कळावं. तशी गाडी बनवणं केव्हाच थांबलं. सासऱ्यांचा तिच्यावर जीव, आणि त्यांना एकच काळजी, गंजाची. आमचं गाव पावस, इथली हवा खारी. इथे भिंतीत खिळा ठोकावा आणि थोड्याच दिवसांत त्याची लाल पूड झाडून काढावी. म्हणून दर मे महिन्यात, होड्यांना खालून लावतात ते काळं, डांबरात काजूच्या टरफलांचं तेल घालून उकळलेलं, त्याचा एक हात ते गाडीच्या पोटालाही मारून घेत. होड्या रंगवणारा माणूसच यायचा आणि होडी समजूनच रंगवायचा. गाडी गंजली नाही हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या त्या थराखाली नट कुठला, सांधा कुठला, ग्रीस भरायचं तोंड कुठलं, काही म्हणता काही दिसेनासं झालं. ही चूक आमच्या किनाऱ्यावरचा माणूसच करू जाणे.

हे बँकेतून रिटायर झाले आणि गाडीत शिरले म्हटलं तरी चालेल. रोज सकाळी पुसायची, रविवारी रत्नागिरीपर्यंत चक्कर. भाट्याच्या पुलावर मागच्यांचे हॉर्न खात सावकाश चालायचं आणि समुद्राकडे बघायचं. शेजारी मी, पोस्टातून रिटायर झालेली, मांडीवर पर्स घेऊन. चांगलं चाललं होतं आमचं. त्या वर्षी गणपती गेले, आणि एका रविवारी गोळपच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावरच्या सरळसोट रस्त्यावर, हे सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "स्टेअरिंगला खेळ आलाय गं."

गॅरेजच्या भाषेत खेळ म्हणजे ढिलेपणा. एखादा सांधा झिजला, जिथे घट्ट बसायला हवं तिथे हलायला लागलं, की खेळ आला म्हणतात. मग चाकं जागची हलायच्या आधी स्टेअरिंगच बोटभर इकडे तिकडे डुलून घेतं. मला हे माहीत नव्हतं. मी आपलं स्टेअरिंगकडे बघितलं. ते हलत होतं खरं, बारीक बारीक, एका लयीत. त्यावर टेकलेला ह्यांचा उजवा हातही हलत होता. आता स्टेअरिंग हलतंय म्हणून हात हलतोय, की हात हलतोय म्हणून स्टेअरिंग? हा प्रश्न मला तिथल्या तिथे पडला आणि मी तो तसाच गिळला. दोन्ही बाजूंना सड्यावरचं गवत सोनेरी झालं होतं, वर ढगांची काळी किनार. मी म्हटलं, पाऊस येईल, चला लवकर.

माझ्या मामांना कंपवात होता. शाळेची काही वर्षं मी त्यांच्याकडे राहून काढली, त्यामुळे त्या दुखण्याची ओळख मला कुणी वेगळी करून द्यायला नको. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायचं, समईची वात वळताना फिरतं तसं. आधी एकच हात. मग अक्षर बारीक होत गेलं, मग आवाज, मग पाऊल. शेवटी मामी त्यांना चमच्याने पेज भरवायची आणि ते भिंतीकडे बघत खायचे. त्या घरात मी एकदाही कुणाला रडताना पाहिलं नाही. पण मामी पेजेची वाटी घेऊन आत जाण्याआधी दाराशी क्षणभर थांबायची, ते मी कितीदा पाहिलंय.

म्हणून त्या रविवारनंतर मी हेरगिरी सुरू केली. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, तर हे म्हणायचे, इस्त्रीवाल्याने काजं चिकटवून ठेवलीत. चहा बशीत सांडतो, तर कपाचा कान वाकडा. ज्या बँकेत हयात गेली त्याच बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवला, तर नव्या पोरांना सही बघताच येत नाही. एकूण काय, जगातल्या सगळ्या वस्तू एकाएकी बिघडल्या होत्या आणि हे तेवढे ठणठणीत होते. मी हो ला हो करत होते. इस्त्रीवाला बदलला, कप बदलले. स्टेअरिंग राहिलं होतं.

रत्नागिरीत खाडीच्या अंगाला इक्बालभाईंचं गॅरेज आहे. तरुणपणी आखातात राहून आलेले, आता तब्येतीने गोल, आवाज मात्र एकदम मऊ. जुन्या गाड्यांवर त्यांचा लोभ. त्यांनी गाडी एक फेरी मारून आणली आणि म्हणाले, एवढं काय नाय वाटत, भाऊ. झालं, हे रुसले. लांब पल्ल्यावर कळतं, म्हणाले, खोलून बघा. मग एक दिवस दोघांनी गाडी खोलली. मी घरी होते. संध्याकाळी हे आले, पाय धुतले, आणि पाठमोरे उभे राहून टॉवेलला हात पुसत म्हणाले, "काढलेला सांधा डुप्लिकेट निघाला. कधीतरी बाहेर काम करून घेतलं असणार बाबांनी. कंपनीचाच मिळवायला हवा. तोवर तोच परत घालून गाडी दारात उभी केलीय."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. डुप्लिकेट! म्हणजे दोष गाडीचाच. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून बाहेर गेलं. मी लगेच रवा भाजायला घेतला आणि तूप सढळ हाताने घालून शिरा केला. ह्यांनी दोनदा मागून घेतला. चमचा ताटलीवर टकटक वाजत होता, पण म्हटलं वाजू दे, भूक लागलीय माणसाला.

तिथून आमची शोधाशोध सुरू झाली आणि मला घडीव नि ओतीव हे दोन शब्द कळले. कारखान्यातला मूळ सांधा घडीव, म्हणजे तापलेलं पोलाद साच्यात दाबून, ठोकून केलेला. त्याच्या कडेने घासून काढलेली रुंद पट्टी दिसते. बाजारी नक्कल बहुतेक ओतीव. तिच्या अंगावर केसासारखी बारीक शिवण असते. घडीव सांध्यावर जोर पडला तर तो वाकतो, ओतीव मोडतो. आणि स्टेअरिंगचा सांधा मोडला की गाडी आपली नाही, ती जाईल तिकडे आपण. हे सगळं ह्यांनी मला जेवताना समजावून सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस, कुठल्याही गाडीत बसले तरी, मला प्रत्येक वळणावर खालून काडकन आवाज आल्याचा भास व्हायचा.

याखेरीज शिक्का. मूळ सांध्यावर कारखान्याचा शिक्का उठावाचा असतो, साच्यातूनच आलेला. गोलात एक अक्षर, खाली आकडे, आणि बाजूला तपासणाऱ्याने ठोकलेला छोटासा ठिपका. नकली मालावर तोच शिक्का मागाहून ठोकतात, तो खड्ड्यात जातो आणि अक्षरं एका ओळीत बसत नाहीत. आता शिक्के वाचायचं काम माझ्याकडे येणार हे उघडच होतं. पावसाळ्यात भिजून आलेली पाकिटं, फुटलेली शाई, अर्धा उठलेला शिक्का, यातून गाव नि तारीख काढण्यात माझा जन्म गेला. तिघांची एक रीतच ठरून गेली. ओटीवर जुना पेपर अंथरायचा, इक्बालभाईंनी डिझेल आणि नारळाच्या सोडणाने काळं घासून काढायचं, मग मी त्यावर चिमूटभर रांगोळी भुरभुरून अंगठ्याने पुसायची. जे काही लिहिलेलं असेल ते पांढरं होऊन वर येतं. ह्यांचं काम बघत बसणं. दोन्ही हात मांडीखाली घालून, थंडी वाजल्यासारखे.

माझी पंचाईत लक्षात येतेय ना? पार्ट खोटा निघाला तर मला हायसं वाटायचं, कारण मग शोध चालू राहायचा आणि तोवर दोष गाडीकडे राहायचा. खरा निघाला तर? तर तो बसवला जाणार, आणि मग जे हलतंय ते कशामुळे हलतंय हे उघड्यावर येणार. त्यामुळे कुणीही काही घेऊन आलं की मी रांगोळीचा डबा आणायला जायची आणि आतच रेंगाळायची.

गणपतीपुळ्याला ह्यांच्या एका जुन्या मित्राचं लॉज आहे. दारात आमच्यासारखीच गाडी उभी करून ठेवलेली, पर्यटकांना फोटो काढायला. चालत नाही, तेव्हा हवं ते काढून न्या, म्हणाले. देवळात गेलो तर माझ्या मनात काय यावं? लोक देवाकडे धडधाकट वस्तू मागतात. मी हात जोडून म्हटलं, बाबा रे, आमच्या गाडीचं स्टेअरिंग मोडकंच असू दे. बाजूच्या बाई मोठ्याने आरती म्हणत होत्या म्हणून बरं. लॉजच्या गाडीचे सांधे काढले, घासले, रांगोळी लावली. अक्षर खोल ठोकलेलं, आकडे वर खाली, अंगावर बारीक शिवण. नकली. मी अशी काही खुलले की इक्बालभाई बघतच राहिले. पार्ट खोटा निघाला नि वयनी हसताव काय, म्हणाले. मी म्हटलं, फेरी झाली ना देवाची त्या निमित्ताने.

परत येताना हे मागे डुलक्या घेत होते आणि मी पुढे इक्बालभाईंच्या शेजारी. ते रस्त्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "वयनी, खेळ असला तर तो वळणावर दाखवतो. भाऊंची गाडी वळणावर गप आणि सरळ रस्त्यावर हलते. मी असा खेळ बघितला नाय कधी." ते मला सांगत होते की विचारत होते, मला कळलं नाही. मी खिडकीची काच वर केली, मग परत खाली केली. मामांचंही तसंच होतं. काही धरायला, फिरवायला गेले की हात निमूट कामाला लागायचा, आणि नुसता कशावर टेकवून बसले की वात वळायला सुरुवात. मी इक्बालभाईंना म्हटलं, यंदा समुद्र किती आत आलाय नाही.

आता लिहिता लिहिता पावसाचा जोर वाढलाय. मळ्यातल्या माणसांनी अर्धंअधिक भात उचललं, उरलेलं भिजतंय. समोरच्या शेजारीण पदराने डोकं पुसत ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, आभाळ धरलंय ते एकदाचं काय ते पडून जाऊ दे, ही टांगणी नको. मी त्यांना चहा दिला. टांगणीचं मला विचारा. काही माणसांना वाईट बातमी कधी एकदा कळते असं होतं. मी त्यातली नव्हे. मला टांगणी चालते. टांगणीत निदान एक टोक वर बांधलेलं असतं.

त्या दिवाळीत मी पोहे वाटीत द्यायला सुरुवात केली, ताटलीत सांडतात म्हणून. नव्या भाताचे पोहे, गुळाचे, दुधाचे, दह्याचे. ह्यांनी वाटी डाव्या हातात घेतली. पहाटे अंगणात कारीट फोडताना मात्र टाच अशी जोरात आपटली की बी उडून माझ्या पायावर आलं. मला तेवढ्यानेही बरं वाटलं, पाय तरी अजून जोरात आहेत म्हणून. पुण्याहून लेकीचा फोन आला. बोलणं झाल्यावर तिने मला वेगळं विचारलं की बाबांचा आवाज एवढा बारीक का येतो. रेंज नाही इथे, असं मी ठोकून दिलं. फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबून न्हाणीघरात उभी राहिले. रडू आलं नाही.

एकमेकांशी का नाही बोललो आम्ही? आता सोपं वाटतं विचारायला. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही भांडण एक म्हणून शिल्लक ठेवलं नाही. कढीत मीठ कमी पडलं तरी अर्धा दिवस पुरायचा विषय. पण हे बोलायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून दुसरंच काही निघायचं. गॅस बुक केला का. दाराला कडी घाला. एकदा तर धीर करून "अहो" म्हटलं, ह्यांनी मान वर केली, आणि त्या डोळ्यांत असं काही दिसलं की मी म्हटलं, उद्या बांगडे आणा.

मग दाभोळचा निरोप आला. तिथे एका मच्छीमार बोटींच्या मालकांच्या घरी तीच गाडी फणसाखाली कितीतरी वर्षं उभी होती, कारखान्यातून आली तेव्हापासून कुणी खोललीच नव्हती. आम्ही तिघे इक्बालभाईंच्या गाडीने दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून गेलो. मालक वारलेले. त्यांच्या बायकोने आमची विचारपूस केली, चहा दिला, आणि म्हणाली, लागेल ते न्या, फक्त हातात धरायचं चाक तेवढं ठेवा, आमच्यांचा हात लागलाय त्याला. फणसाची पानं बाजूला सारून इक्बालभाई गाडीखाली गेले. मी त्या बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. त्या मासे सुकवायच्या गप्पा मारत होत्या आणि मी प्रत्येक ठोक्यासरशी दचकत होते.

सांधा बाहेर आला. त्यांच्याकडेही तीच खोड, होडीचं काळं. घासता घासता कडेची रुंद पट्टी दिसली. मी रांगोळी टाकली, अंगठा फिरवला. गोल उठला. गोलातलं अक्षर उठलं. आकडे, सगळे एका ओळीत. शेवटी कोपऱ्यातला तो ठिपका. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणायला काय लागत होतं? पुसट आहे, नक्की सांगता येत नाही, एवढं पुरलं असतं, माझ्या वाचण्यावर कुणी शंका घेतली नसती. पण टेबलावर आलेला शिक्का मी आयुष्यात कधी खोटा वाचला नाही, आणि खोट्या सांध्यावर ह्यांना गाडी चालवू देणं तर शक्यच नव्हतं. मी म्हटलं, कंपनीचाच आहे.

येताना फेरीबोटीवर हे कठड्याशी जाऊन उभे राहिले, सांधा पेपरात गुंडाळून काखेत. ज्या वस्तूसाठी एवढी वणवण केली ती हाती आल्यावर माणूस खूश दिसतो. हे वाशिष्ठीच्या पाण्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, दमले असतील.

सांधा आणला, पण बसवायचं काही निघेना. आधी म्हणाले, पाऊस पुरता उघडू दे. मग इक्बालभाईंच्या घरी पाहुणे आहेत. मग तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे. एरवी मी अशी चालढकल खपवून घेत नाही, पण तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. रोज सकाळी मनात म्हणायची, आजचा दिवस गेला. बाहेर मळणी चालली होती, पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहत होत्या, हवेत तूस उडत होतं. शेतं मोकळी होत चालली तशी आमची कारणंही संपत आली.

अखेर इक्बालभाईच एका सकाळी हत्यारं घेऊन दारात आले. सांधा बसवला, नटाला पिन घातली, ग्रीस भरलं, वरून काळं मात्र लावू दिलं नाही. मग ट्रायलला निघालो. इक्बालभाई चालवायला, हे त्यांच्या शेजारी, मी मागे. सड्यावर पोचलो. गवत आता कापून झालेलं, कातळ उघडा पडलेला, रस्ता समोर दोरी धरल्यासारखा. मी पुढच्या सीटवरून मान काढून स्टेअरिंगकडे बघत होते. इक्बालभाईंनी एक हात काढला, मग दुसरा नुसता खाली धरला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. गाडी सरळ चालली होती, अगदी सरळ.

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून दार ह्यांच्यासाठी उघडं धरलं. हे गाडीला पुढून वळसा घालून आले, बसले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. किल्ली फिरवली नाही. गाडी उभी, इंजिन बंद, वाराही नाही, आणि स्टेअरिंग हलत होतं. बारीक बारीक, एका लयीत. इक्बालभाईंनी ते बघितलं. मग म्हणाले, ओळखीचे लोक आहेत खालच्या शेतात, जरा भेटून येतो. तिथे कुणी नव्हतं, शेत रिकामं होतं, पण ते गेले.

मी मागून उतरून पुढे ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग हे वाकले, सीटखाली हात घालून चाचपलं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. फडकं सोडलं तर आत एक सांधा. स्वच्छ घासलेला, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा.

"वाच," हे म्हणाले.

रांगोळीची गरज नव्हती. कडेला रुंद पट्टी. गोल, गोलात अक्षर, खाली एका ओळीत आकडे, कोपऱ्यात ठिपका.

"आपल्याच गाडीचा," हे म्हणाले. "पहिल्या दिवशी काढून परत घातलेला, आज नवा बसवताना निघाला तो. तेव्हाच दिसला होता मला शिक्का. झिजलेलाही नाही. इक्बालला गप्प बसायला मीच सांगितलं."

मी विचारलं, मग एवढे दिवस, एवढी गावं, ते कशाला. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"तुला डुप्लिकेट म्हणून सांगितलं आणि तुझं तोंड असं काही उजळलं, की मलाही वाटायला लागलं, असेल. खरंच असेल." ह्यांनी स्टेअरिंगवरचा हात उचलून माझ्यासमोर धरला. अंगठा पहिल्या बोटावरून फिरत होता. लपवायचा प्रयत्न नव्हता, मांडीखाली घातला नव्हता. मी तो माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला, तरी आत तो चालूच राहिला, आणि आता माझे हातही त्याच्याबरोबर हलायला लागले. मला रडायला आलं, ते मात्र मोठ्याने आलं.

ह्यांनी मला रडू दिलं. मग समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत, बँकेत काउंटरवर बोलायचे तशा सरळ आवाजात म्हणाले, "गाडीचं सगळं बघून झालं. आता मला दाखव कुणाला तरी."